साडेपाचशे किलोंच्या गाडीला कोणते इंजिन?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या ज्या शेडमध्ये आमची गाडी गेली तीन वर्षे सावकाश आकार घेते आहे, तिथे यंदा मार्चमधल्या एका रविवारी दोन इंजिने समोरासमोर ठेवलेली होती. एक मारुतीच्या जुन्या एस्टीम मोटारीतून काढलेले. त्याच्या टॅपेट कव्हरवर तेल आणि धूळ यांची इतकी पुटे चढली होती की नखाने खरवडल्यावर कुठे खालचा धातू दिसला. दुसरे त्याच घराण्यातले, तेवढ्याच क्षमतेचे, पण शर्यतींसाठी तयार केलेले: हेड (सिलिंडरवरचे झाकण) कापलेले, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललेला, पोर्ट (हवेच्या वाटा) हाताने घासून गुळगुळीत केलेले आणि वर वेबरचे जुळे कार्ब्युरेटर. पहिल्याचा भाव भंगारापेक्षा थोडा वर होता, दुसऱ्याचा त्याच्या सहापट. आमच्याकडे पैसे एकाचेच होते, आणि माझ्या भाच्याला कोणते हवे होते हे वेगळे सांगायला नको.

दोन्ही इंजिने स्टँडवर चालवून दाखवली गेली. साध्या इंजिनाने दुसऱ्या स्टार्टला पकड घेतली आणि मग ते असे गुमान चालत राहिले की बोलताना कोणाला आवाज चढवावा लागला नाही. तयार इंजिनाला आधी तीन-चारदा पेट्रोल पाजावे लागले. मग ते खोकले, एकदा कार्ब्युरेटरमधून उलटे फुसकारले, आणि अखेर चौदाशे आरपीएमवर (मिनिटाला चौदाशे फेऱ्यांवर) उचकी लागलेल्या माणसासारखे अडखळत चालू राहिले. मालकाने हाताने केबल ओढली. साडेचार हजारांपर्यंत विशेष काही घडले नाही. त्यापुढे मात्र आवाजाची जातच बदलली, पत्र्याच्या छपराला कंप सुटला, शेजारच्या गाळ्यातला कामगार हातातली कानस तशीच घेऊन दारात येऊन उभा राहिला, आणि माझ्या अंगावर काटा आला. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते बरेचसे त्या आवाजाच्या विरोधात जाणारे आहे, आणि मला तो आवडला नव्हता असा समज व्हायला नको.

गाडीविषयी थोडे सांगायला हवे. चौकोनी आणि गोल पाइपांची चौकट, तिच्यावर फायबरग्लासचे पत्रे, दोन सीटा, छप्पर नाही, दारे नाहीत. गिअरबॉक्स जिप्सीचा, मागचा ॲक्सल ओम्नीचा, स्टीअरिंगची रॅक भंगारातून निवडून आणलेली. रस्त्यावर ती कधीच धावणार नाही. घरी बांधलेली गाडी नोंदवायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून नमुन्याची मान्यता घ्यावी लागते, आणि असलेल्या गाडीत मनासारखे फेरफार करण्याची वाटही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१९ मधल्या निकालाने जवळपास बंदच केली आहे. त्यामुळे एमएच-०४ ची पाटी तिच्या नशिबी नाही. ती ट्रकवर चढून ट्रॅकवर जाईल आणि ट्रकवर चढूनच परत येईल. इस्टेटच्या टोकाला असलेल्या भंगारवाल्याच्या काट्यावर आम्ही ती इंजिनाशिवाय चढवली होती. त्यात इंजिन, गिअरबॉक्स, पाणी, तेल आणि थोडे पेट्रोल यांची बेरीज केली तर आकडा पाचशे चाळीसच्या आसपास येतो. काटा पाच-पाच किलोंनी सरकणारा असल्यामुळे याहून बारीक हिशेबाला अर्थ नाही.

आता हा आकडा जरा तपासून पाहू. इंजेक्शनवाल्या एस्टीमचे इंजिन ८५ अश्वशक्तीचे, आणि ती गाडी पावणेनऊशे किलोंच्या घरातली. चालक पंचाहत्तर किलोंचा धरला तर टनामागे सुमारे ९० अश्वशक्ती पडते. तेच इंजिन, त्याला बोटही न लावता, आमच्या चौकटीत बसवले तर टनामागे १३८ पडते. एस्टीममध्ये राहून हा आकडा गाठायचा असता तर त्याच १.३ लिटरमधून १३० अश्वशक्ती काढावी लागली असती, आणि समोरच्या स्टँडवरचे सहापट किमतीचे इंजिन १२० चा दावा करत होते. म्हणजे ट्यूनिंगवाल्याकडे जाऊन जे विकत घ्यायचे, ते आम्ही हॅकसॉ आणि वेल्डिंगच्या कांडीने आधीच मिळवलेले होते. शिवाय हलकेपणाची कमाई सगळीकडे खर्ची पडते: ब्रेक मारताना, वळताना, टायर झिजताना. वाढीव अश्वशक्तीचा उपयोग मात्र पाय पूर्ण दाबता येतो तेवढ्याच ठिकाणी होतो, आणि वळणावळणाच्या ट्रॅकवर अशी ठिकाणे नवशिक्याला वाटतात त्याहून फार थोडी असतात.

हा विचार काही आमचा नव्हे. १९५७ साली लोटस सेव्हन ही हलकी इंग्लिश गाडी बाजारात आली तेव्हा तिच्यात फोर्डचे ११७२ सीसीचे, साइड व्हॉल्व्हचे, चाळीस अश्वशक्तीचे अगदी घरगुती इंजिन मिळत असे. पुढे १९७३ मध्ये ती गाडी बनवण्याचे हक्क केटरहॅमने घेतले, तिच्यात तऱ्हेतऱ्हेची बेफाम इंजिनेही बसवली, आणि तरीही २०२१ साली त्यांनी जी ४४० किलोंची आवृत्ती काढली तिच्यात सुझुकीचे ६६० सीसीचे, तीन सिलिंडरचे, ८४ अश्वशक्तीचे टर्बो इंजिन आहे. जपानमध्ये भाजी आणायला नेतात त्या चिमुकल्या गाड्यांच्या वर्गातले ते इंजिन. आपल्याकडेही एकासनी शर्यतगाडीचा पाया मारुती ८०० च्या इंजिनावरच घातला गेला, एस. करिवर्धन यांनी घडवलेल्या फॉर्म्युला मारुती गाड्यांमुळे शर्यत मध्यमवर्गाच्या नजरेच्या टप्प्यात आली, आणि पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेला नारायण कार्तिकेयन सुरुवातीला याच वर्गात धावलेला आहे.

भाच्याला हे सगळे पाठ होते. तो नवी मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडून आता महापेला नोकरी करतो. कॉलेजात असताना चार वर्षे विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धेच्या गाडीवर रात्री जागवलेल्या आहेत. त्या स्पर्धेत इंजिनाला लागणारी सगळी हवा वीस मिलिमीटरच्या एकाच भोकातून आत घ्यावी लागते, म्हणजे नाक चिमटीत धरून पळण्यासारखे. "मामा, चार वर्षं मी गळा दाबलेलं इंजिन चालवलंय," तो म्हणाला. "आता एकदा तरी मोकळा श्वास घेणारं हवं." या युक्तिवादाला उत्तर नव्हते. माझ्याकडे फक्त अनुभव होता, आणि तोही फारसा मिरवण्यासारखा नव्हता.

१९९४ साली माझ्याकडे आरएक्स १०० होती. अठ्ठ्याण्णव सीसी, अकरा अश्वशक्ती, आणि ठाण्यातल्या निम्म्या तरुणांच्या झोपा उडवणारा पिकअप. पण तेवढ्यावर समाधान मानण्याचे ते वय नव्हते. एका मेकॅनिकने माझ्या सांगण्यावरून सिलिंडरचा एक्झॉस्ट पोर्ट कानशीने वर चढवला, हेड घासले आणि सायलेन्सरचा आतला भाग काढून टाकला. घोडबंदर रस्त्यावर, त्या वेळच्या मोकळ्या, दोन पदरी, झाडांच्या कमानीतल्या घोडबंदर रस्त्यावर, गाडी अशी सुटायची की आपण काहीतरी फुकट मिळवले असे वाटायचे. दोन आठवड्यांनी नाशिकला जाताना कसाऱ्याच्या घाटात, मूठ पूर्ण पिळलेली असताना, एक बारीक किणकिण ऐकू आली, मग आवाज एकदम जाड झाला आणि मागचे चाक जागच्या जागी आवळले गेले. डाव्या हाताची बोटे क्लचवर होती म्हणून आज हे लिहितो आहे. गाडी भाजीच्या टेम्पोतून परत आली. पिस्टन काढला तेव्हा त्याच्या एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे होते आणि त्याचे ॲल्युमिनियम लायनरला साखरेच्या पाकासारखे चिकटलेले होते. कारण साधे होते. पोर्ट वाढवल्यावर इंजिन जास्त हवा ओढू लागले, आणि कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारे मुख्य भोक) मात्र आम्ही होता तोच ठेवला. पेट्रोलाचे प्रमाण घटले, मिश्रण रोडावले, पिस्टन तापून फुगला. चूक कानशीची नव्हती, जेटची होती, आणि जेट बदलायला हवा हे विचारायचे मला सुचले नाही, ही माझी होती.

तेव्हापासून इंजिनाकडे पाहताना मला त्यातल्या करारांकडे पाहण्याची खोड लागली आहे. कारखान्यातून आलेल्या इंजिनात प्रत्येक भागाने दुसऱ्या भागाशी काहीतरी ठरवलेले असते: कनेक्टिंग रॉडने बेअरिंगशी, बेअरिंगने तेलाच्या पंपाशी, हेडने गॅसकेटशी (सांधा बंद ठेवणाऱ्या पट्टीशी), गॅसकेटने रेडिएटरशी. ट्यूनिंग म्हणजे त्यातल्या एका कराराची रक्कम वाढवणे. मग बाकीच्या सगळ्यांना बोलावून फेरवाटाघाटी कराव्या लागतात, आणि बहुतेक वेळा कोणीतरी निमंत्रणाशिवाय राहून जाते.

आमच्या इंजिनापुरते बोलायचे तर त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५ मिलिमीटर. सहा हजार आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५.१ मीटर पडतो, आठ हजारांना २०.१. वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढला, पण वर पोचून थांबणाऱ्या आणि दिशा बदलणाऱ्या पिस्टनमुळे रॉडवर येणारी ओढ आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे पावणेदोन पटींच्याही किंचित वर जाते. आणि एवढे आरपीएम हवेत कशाला? कारण ताकद म्हणजे टॉर्क (फिरवणारी खेच) गुणिले आरपीएम. शंभर न्यूटन-मीटरची खेच सहा हजारांवर मिळाली तर ८५ अश्वशक्ती होते, तीच आठ हजारांवर टिकवली तर ११४. टर्बोशिवायच्या इंजिनात क्षमता न वाढवता ताकद वाढवण्याचा राजमार्ग हाच. पण वरच्या आरपीएमला सिलिंडर पुरेसा भरायचा तर व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवावे लागतात, इनटेक आणि एक्झॉस्ट यांच्या उघडझापीची सरमिसळ वाढवावी लागते, आणि कमी आरपीएमला हीच सरमिसळ अंगाशी येते: जळका वायू उलटा शिरतो, ताजे मिश्रण न जळताच निसटते, आणि इंजिनाला ती उचकी लागते जी त्या रविवारी आम्ही सगळ्यांनी ऐकली. साडेचार हजारांखाली ते इंजिन साध्या इंजिनाहूनही दुबळे असणार होते. शर्यतीत मुरलेल्या माणसाला याचे काही वाटत नाही, तो काटा तिथे खाली येऊच देत नाही. मी मुरलेला नाही, भाचाही नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की साधे ते भरवशाचे आणि ट्यून केलेले ते बेभरवशाचे, असे माझे म्हणणे आहे. तसे ते काही दिवस होतेही, आणि भाच्याने ते एका उदाहरणाने पार मोडून काढले. लोटसची एलिस १९९६ मध्ये आली तेव्हा तिच्यात रोव्हरचे के-सीरीज इंजिन होते: १.८ लिटर, ११८ अश्वशक्ती, साध्या कौटुंबिक गाड्यांत बसणारे. एलिसचे वजन सव्वासातशे किलोंच्या आसपास होते, त्यामुळे तेवढ्यावर ती उडत असे. पण के-सीरीजच्या हेड गॅसकेटची ख्याती जगभर पसरली आहे, आणि ती चांगली नाही. पुढे २००४ साली एलिसमध्ये टोयोटाचे १.८ लिटरचे इंजिन आले. ते यामाहाच्या मदतीने घडवलेले, १८९ अश्वशक्तीचे, सुमारे ६२०० आरपीएमला कॅमची दुसरी, चढी बाजू लागू होणारे. कुठल्याही व्याख्येने चढवलेले इंजिन. आणि मालकांना चिंता वाटली ती पहिल्याची, दुसऱ्याची त्या मानाने फार कमी. होंडाच्या एस २००० मधले इंजिन तर दोन लिटरमधून २४०-२५० अश्वशक्ती काढत असे आणि नऊ हजार आरपीएमपर्यंत जात असे. तिथे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला पंचवीस मीटरच्या वर पडतो. आमच्या स्टँडवरचे आठ हजारांचे इंजिन त्यापुढे सुस्तच म्हणायचे. तरीही होंडाचे इंजिन नीट सांभाळले तर वर्षानुवर्षे चालते, कारण फोर्ज केलेल्या पिस्टनपासून सिलिंडरच्या भिंतीच्या खास अस्तरापर्यंत त्यातला प्रत्येक करार नऊ हजारांचा आकडा समोर ठेवून लिहिलेला आहे, आणि तो मोडतो का हे पाहण्यासाठी कारखान्याने बेंचवर कित्येक इंजिने मोडलेली असणार.

तेव्हा आमच्या पुढचा प्रश्न थोडा बदलला. तयार इंजिनाच्या मालकाला आम्ही विचारले की आतले रॉड कोणते, व्हॉल्व्ह स्प्रिंग कोणत्या, हेड किती कापले आणि कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबले जाते ते) मोजले का. माणूस सरळ होता. त्याने सांगितले की स्प्रिंग बदलल्या आहेत, रॉड मूळचेच आहेत, हेड "अंदाजाने" कापले आहे आणि कॉम्प्रेशन अकराच्या वर असावे. त्या एका "अंदाजाने" शब्दावर टूलरूममध्ये एकतीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाचे काय होते ते सांगता येत नाही. आमच्याकडे अंदाजाने फक्त चहात साखर घालतात.

पेट्रोलाचा मुद्दा त्यामागोमाग आलाच. अकराच्या वर कॉम्प्रेशन म्हणजे साधे पेट्रोल नॉक करणार, म्हणजे आपोआप पेटून ठोके देणार. शंभर ऑक्टेनचे पेट्रोल मोठ्या शहरांत निवडक पंपांवर मिळते, पण दर वेळी ते शोधत फिरायचे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलाने ऑक्टेन थोडा चढतो हे खरे, मात्र इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावे लागते, आणि कार्ब्युरेटरचा जेट काही आपण होऊन मोठा होत नाही. जुने रबरी पाइप आणि डायफ्रॅम इथेनॉलने फुगतात ते वेगळेच. इंजेक्शन आणि प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिनाचा संगणक) असेल तर हे सगळे लॅपटॉपवर निस्तरता येते; ते काम भाच्याचे, मला त्यातले फक्त पडद्यावरचे रंग कळतात.

आता साध्या इंजिनाची पाळी. ते आम्ही शेडमध्येच ठेवून घेतले होते, सौदा व्हायचा होता, आणि मेस्त्रींनी त्याचा सम्प (तळाची तेलाची परात) उघडून टेबलावर आणला. हे मेस्त्री मूळचे साताऱ्याकडचे, सगळी हयात लेथवर गेलेली. इंजिनाला ते अजूनही इंजान म्हणतात. भाच्याच्या डोक्यात एक शंका होती. चिकट टायरांची हलकी गाडी वळणावर एक जीपर्यंत बाजूचे बल सोसते, म्हणजे बाजूला फेकणारे बल वजनाइतकेच होते, आणि तेव्हा सम्पमधल्या तेलाचा पृष्ठभाग सपाट न राहता पंचेचाळीस अंशांनी तिरका होतो. बाजारात जाणाऱ्या एस्टीमने असे वळण आयुष्यात कधी घेतलेले नसते. त्यात एस्टीममध्ये इंजिन आडवे बसलेले असते आणि आम्ही ते लांबीच्या दिशेने बसवणार होतो, त्यामुळे मूळ रचनाकाराने ब्रेक मारताना तेल कुठे जाईल आणि वळताना कुठे जाईल याचा जो विचार केला असेल तो नव्वद अंशांनी फिरला होता.

आम्ही सम्प एका लाकडी फळीला बांधला. तेल ओढणारा गाळणीचा पाइप मूळच्या उंचीवर येईल असा तारेने टांगला. साडेतीन लिटर जुने तेल ओतले. मेस्त्रींनी फळीची एक बाजू हळूहळू उचलायला सुरुवात केली आणि भाचा मोबाइलवरच्या कोनमापकात अंश मोजू लागला. वीस अंशांपर्यंत गाळणी तेलात बुडालेली राहिली. तीसला तिची वरची कड दिसू लागली. चाळीसच्या पुढे काळे तेल निमूटपणे एका कोपऱ्यात जाऊन बसले आणि गाळणी अर्धी उघडी पडली, नाल्याचे पाणी ओसरल्यावर दगड दिसावा तशी. मेस्त्री फळी धरून तसेच उभे राहिले. "साहेब," ते म्हणाले, "हे इंजान वळणावर तेल पिणार न्हाई, हवा पिणार. ठसका लागंल ह्याला." आणि ठसका म्हणजे काय ते आम्हा तिघांनाही ठाऊक होते: बेअरिंगच्या शेलवरची तेलाची फिल्म तुटते, दोन-तीन सेकंदांत धातूला धातू लागतो, आणि मग रॉडचा तो ठोका ऐकू येतो जो एकदा सुरू झाला की इंजिन उघडेपर्यंत थांबत नाही.

म्हणजे ज्या इंजिनाला मी महिनाभर भरवशाचे म्हणून मिरवत होतो ते आमच्या गाडीत पहिल्याच जोरदार वळणावर दगा देण्याची शक्यता होती, आणि त्यात त्याचा काहीच दोष नसता. भरवसा हा शब्द आपण इंजिनाला चिकटवतो, पण ते कोणत्या कामाचे भरवशाचे हे विचारत नाही. लाख-दीड लाख किलोमीटर कुरकुर न करता चाललेले इंजिन ठाणे-बेलापूर रस्त्यावर चाललेले असते, सिग्नलला थांबत, ट्रकांच्या मागून, तीन हजारांच्या आत. त्या कीर्तीवर त्याला एक जीच्या वळणात ढकलणे म्हणजे चाळीस वर्षे इमानाने हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाला कुस्तीच्या आखाड्यात उतरवणे.

फरक एवढाच की ही उणीव आम्हाला दिसली होती, ती एका जागी होती, आणि तिच्यावरचा उपाय मेस्त्रींच्या हातातला होता. त्यांनी दीड मिलिमीटरच्या पत्र्याच्या चार भिंती कापून गाळणीभोवती एक चौकोनी खोली केली, तिला आतल्या बाजूलाच उघडणारी छोटी बिजागरीची दारे लावली, म्हणजे तेल आत येते पण वळणावर बाहेर पळू शकत नाही, आणि वरून झाकण टाकले. मग पुन्हा फळी, पुन्हा तेल, पुन्हा पंचेचाळीस अंश. या वेळी फळी चांगली मिनिटभर तिरकी धरली, तरी गाळणी बुडालेलीच होती. तयार इंजिनाच्या "अंदाजाने" कापलेल्या हेडची अशी परीक्षा आम्हाला फळीवर बांधून घेता आली नसती. ती ट्रॅकवरच झाली असती.

आणि ट्रॅक कुठे? आम्हाला जायचे आहे ते चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला, नाहीतर कोइंबतूरच्या कारी स्पीडवेला. ठाण्याहून दोन्हीकडे बाराशे-तेराशे किलोमीटरचा ट्रकप्रवास. भाच्याला वर्षात दोन मोठ्या सुट्ट्या मिळतील, ट्रकचे भाडे, ट्रॅकचे शुल्क, टायर. एवढे करून तिथे पोचायचे आणि दुसऱ्याच फेरीत गॅसकेट फुटून पुढचे दोन दिवस दुसऱ्यांच्या गाड्या पाहत बसायचे, हे चित्र डोळ्यांसमोर आणले की ताकदीच्या तक्त्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. ट्रॅकच्या दारात राहणाऱ्या माणसाने तयार इंजिन जरूर घ्यावे. ते बिघडले तर तो संध्याकाळी घरी येऊन उघडू शकतो. आमच्यासारख्यांना इंजिनाकडून हवा आहे तो वेळ, म्हणजे त्या दोन दिवसांतले जास्तीत जास्त तास सीटवर बसता यावे एवढेच.

एक हिशेब राहिलाच होता. १२० अश्वशक्ती घेतली असती तर क्लच बदलावा लागला असता, आणि मग मागे ओम्नीचा बिचारा ॲक्सल उभा होता, जो मुळात ८०० सीसीच्या इंजिनाची खेच सोसायला घडवलेला आहे. साध्या इंजिनाची खेचसुद्धा त्याला त्याच्या पूर्वायुष्यापेक्षा पुष्कळच जास्त आहे. गाडी हलकी आहे म्हणून तो निभावून नेईल, असा आमचा अंदाज आहे. (इथे मात्र आम्हीही अंदाजानेच चाललो आहोत, हे टूलरूमवाल्याने कबूल करावे.)

भाचा शेवटी कशाने राजी झाला ते मला नक्की सांगता येणार नाही. फळीवरच्या प्रयोगानंतर तो दोन दिवस गप्प होता, मग एका रात्री त्याचा फोन आला की उरलेल्या पैशांत चांगले टायर, ब्रेकचे चांगले पॅड आणि ईसीयू हे तिन्ही बसते, त्यामुळे साधेच घेऊ. फक्त एक अट घातली: हेड उघडायचे नाही असे वचन मी कायमचे घेऊ नये. याच घराण्यातल्या, याच १२९८ सीसीच्या इंजिनावर दोन कॅमचे हेड चढवून सुझुकीने ऐंशीच्या दशकात परदेशी बाजारांसाठी स्विफ्ट जीटीआय काढली होती, सुमारे शंभर अश्वशक्तीची, हे त्याने मला त्याच फोनवर दोनदा ऐकवले. मी हो म्हणालो. कारखान्याने लिहिलेल्या कराराला माझी हरकत नाही.

तयार इंजिन आठवड्याभरात दुसऱ्या कोणीतरी नेले. नेण्याआधी मी एकटाच एकदा तिकडे जाऊन आलो, काहीतरी निमित्त काढून, आणि मालकाला ते पुन्हा एकदा चालवायला लावले. भाच्याला हे मी सांगितलेले नाही.

साधे इंजिन आम्ही पूर्ण उघडले. बेअरिंगचे शेल, टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, सगळी सीले नवी घातली, बोअर मोजला तर झीज मर्यादेत होती, कॅमला हात लावला नाही. श्रावणातल्या एका संध्याकाळी, बाहेर धो धो पाऊस आणि वर पत्रा बडवला जात असताना, ते गाडीत बसल्यानंतर पहिल्यांदा सुरू झाले. तेलाच्या प्रेशरचा काटा आधी चार किलोंवर गेला, इंजिन तापल्यावर तीनच्या जरा वर येऊन स्थिरावला. मेस्त्री रेडिएटरच्या पाइपावर हात ठेवून उभे होते. भाचा लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहत होता आणि मी काट्याकडे, आणि दहाएक मिनिटे कोणीच काही बोलले नाही. तेवढ्यात इस्टेटचा वॉचमन छत्री मिटत आत आला, गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "साहेब, चालू कधी करणार? मला गेट लावायचंय."

मेस्त्री हसू लागले. भाच्याने लॅपटॉप बाजूला ठेवला, वाकून केबल बोटात धरली आणि ओढली.